चार नंबरचा नवा फोन

३ फेब्रुवारी, सोमवार

फोन आला! म्हणजे वाजला नाही, खोक्यातून आला. आठवडाभर वापरायचा, पुरवणीसाठी त्याचे गुणदोष लिहायचे आणि परत करायचा. संपादक म्हणाले, "शुक्रवारी सकाळी मजकूर. आरती नको, वाभाडेही नकोत." इतकी वर्षं वेळेवर मजकूर देतेय, तरी दर वेळी हेच ऐकवतात.

हलका आहे. पडदा लख्ख. पण ओल्या साबणासारखा हातातून निसटतो.

आईने उलटसुलट करून पाहिला. "याला कान कुठाय?" तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली – ऑपरेटर होती. ऐकायचं कुठून आणि बोलायचं कुठून हे दिसलं नाही, तर तिच्या लेखी तो फोनच नव्हे.

४ फेब्रुवारी

कॅमेरा चांगला. फारच चांगला! माझ्या सुरकुत्या परस्पर पुसून टाकल्या त्याने. विचारलं नाही, सवरलं नाही. गुणांत घालू की दोषांत? तूर्त गुणांत.

संध्याकाळी दादाचा फोन. विषय नेहमीचाच – आईला आता माझ्याकडे पाठव, तुझी ऑफिसची धावपळ, तिला दिवसभर एकटीला बसावं लागतं. मीही नेहमीचंच सांगितलं – ती इथून हलायची नाही, तिला इथली सवय झालीय.

"तिला विचारलंस?"

"विचारायला कशाला हवं? रोज बघते मी तिला."

आईला समोर बसून मोठ्याने बोललेलं कळतं, फोनवरचं मात्र काहीच नाही. कानाचं यंत्र घेतलं होतं, ते कपाटात पडलंय. "त्यापेक्षा बहिरी बरी," म्हणते. त्यामुळे घरातले फोन मीच घेते, आणि तिला सांगण्यासारखं असेल ते सांगते.

"काय म्हणत होता?" तिने विचारलं.

"बरा आहे. तब्येतीला जप म्हणाला."

५ फेब्रुवारी

बॅटरीवर चार ओळी लिहायला बसले आणि भलतीकडेच गेले.

शाळा सुटली की मी थेट एक्स्चेंजमध्ये जायची. लांबलचक खोली. भिंतभर बोर्ड, त्यावर भोकंच भोकं, लुकलुकणारे दिवे, आणि समोर ओळीने बसलेल्या बायका – एका हाताने वायर खोचतायत, दुसऱ्याने उपसतायत. तिथे नावं नव्हतीच. ज्या खुर्चीवर बसायचं तो नंबर. आई चार नंबर. तिची मैत्रीण सात नंबर – अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम. मला दारात पाहिलं की ओरडायची, "चार नंबर, तुझं शेपूट आलं गं!" सगळी ओळ हसायची, आणि हसताहसता पलीकडच्या माणसाशी "नंबर प्लीज" इतक्या गंभीरपणे बोलायची की तसं मला अजून जमत नाही.

आई नुसत्या "हॅलो"वरून माणूस ओळखायची. गावातले डॉक्टर घरून निघताना तिला सांगून ठेवत, आज कुठे सापडेन ते. त्यांच्या बायकोला ठाऊक नसे, चार नंबरला असे!

बाबा गेल्यावर मी तिला इकडे आणलं. दादा अजून त्याच गावात आहे.

बॅटरी दिवसभर पुरते. झालं.

६ फेब्रुवारी

सेटिंगच्या पोटात एक सोय सापडली. समोरचा फोनवर जे बोलतो, ते पडद्यावर अक्षरांत उमटतं! ऑफिसातल्या उपसंपादकाला फोन करायला लावून पाहिलं. बहुतेक बरोबर. त्याच्या घरी कुकरची शिट्टी झाली, त्यापुढे याने लिहिलं – "संगीत".

आईला दाखवलं. तिने आधी खोडच काढली. "अक्षरं सगळी सारखीच की गं. माणूस घाईत आहे की रडवेला, ते कसं कळायचं?" हा दोष मला सुचला नसता. लिहून घेतला.

पण फोन काही हातचा सोडेना. मग म्हणाली, "लाव दादाला."

आरशासारखा समोर धरून बसली. पहिला शब्द उमटला तो "आई?" आणि पुढे काहीच नाही. पडदा कोराच.

"लिहीत नाही काही. बिघडला का?"

"बिघडला नाही. तो गप्प आहे."

मग हळूहळू ओळी येऊ लागल्या. पहिलीतल्या मुलासारखी मोठ्याने वाचत होती. मध्येच तिने त्याला विचारलं, "सात नंबर आहे ना रे अजून? ... अजून तसंच बोलते?" – आणि खदखदून हसली. ते हसणं मी एक्स्चेंजनंतर ऐकलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले. भाजी चिरताना नुसतं "हं", "बरं", "कळलं" ऐकू येत होतं.

"काय म्हणाला?" मी नंतर विचारलं.

"तुला काय करायचंय? आमचं आमचं बोलणं."

चार नंबरने माझी लाइन चांगलीच तोडली!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मजकूर वेळेत गेला. निसटतो, फार बोललं की तापतो, सुरकुत्या पुसतो (शेवटी दोषांतच घातलं), किंमत ऐकून घसा कोरडा पडतो. पण ऐकू न येणाऱ्या माणसाला तो पुन्हा बोलतं करतो, तेव्हा घ्यावा. संपादकांचा निरोप – "बरं आहे. शेवट जरा हळवा." ठेवला त्यांनी तसाच.

आईसाठी असाच एक घ्यायचं ठरवलं. आता तिने इथे बसून दादाशी हवं तेवढं बोलावं. त्याचाही धोशा थांबेल. तिला तिकडे जायची गरजच उरली नाही. मनावरचं मोठं ओझं उतरलं.

८ फेब्रुवारी

नवा फोन आणायला निघाले होते. आई म्हणाली, "तो तिकडच्या पत्त्यावर पाठव. मी दादाला हो म्हटलंय."

कधी?

"परवा, त्याने विचारलं तेव्हाच."

मी चपला काढून खाली बसले. तिने शेजारी येऊन विचारलं, "पहिल्यांदा कधी विचारलं होतं गं त्याने?"

"बाबांच्या वर्षश्राद्धानंतर."

"हं. मी तेव्हाही हो म्हटलं असतं."