शकूच्या जीपसाठी मोरी

११ जुलै
कालच्या वादळात पोलादपूरहून येणाऱ्या रस्त्यावरची आमची मोरी, गावचा एकुलता छोटा पूल, वाहून गेली. वहाळावर आता नुसतं भगदाड. गाव घाबरलं. मी नाही. मुंबईच्या गोदीत मुकादमी केलेला माणूस असल्या गोष्टींना घाबरत नसतो. महिन्याच्या आत नवी पाइपाची मोरी. प्लॅन मनात तयार.
शकूला पहिल्या बाळंतपणाला उमरठहून आणायची आहे. दिवस भरत आलेत. लेक जीपनेच येणार, तसा शब्द दिलाय तिच्या सासऱ्यांना.

१४ जुलै
शेजारच्या मालोजीने चार माणसं घेऊन वहाळावर ओंडक्यांचा साकव टाकला. दर साली शेतावर जायला टाकतो तसाच. माणसं, म्हशी, पोस्टमन, सगळे त्यावरून. आमची बायको राही म्हणते, "साकव हाय तवर पोरीला डोलीत घालून आणूया." डोली! हिला प्रोग्रेस कळत नाही.

१९ जुलै
पोलादपुरात ओव्हरसियरसाहेबांना भेटलो. म्हटलं, इमर्जन्सीत घ्या. त्यांनी विचारलं, सध्या जायची-यायची सोय काय? मी भोळेपणाने खरं सांगून बसलो. साहेब म्हणाले, साकव आहे तर इमर्जन्सी कसली, दिवाळीनंतर बघू. खूप गळ घातली तेव्हा सोमवारी जागा बघायला येतो म्हणाले.
परतताना साकवावरच आयडिया सुचली.

२१ जुलै
साकव काढायला लावला. मालोजी ऐकत नव्हता. म्हणाला, "मुकादम, चालती वाट मोडू नये. बायामाणसांचे हाल होतील." मी म्हटलं, साहेब येऊन जाईपर्यंतचाच प्रश्न आहे. माझ्या वयाचा मान ठेवून काढला बिचाऱ्याने. ओंडके काठावर रचले.

सोमवार
साहेब आले. छत्री, गमबूट, सगळा थाट. पलीकडच्या काठावर उभे राहिले. मी अलीकडून सगळी इमर्जन्सी ओरडून सांगितली. वहाळाच्या आवाजात ऐकू गेली नसावी. त्यांनी हाताने खुणावलं, इकडे या. मी खुणावलं, येता येत नाही. तेच तर दाखवायचं होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि गेले.
इम्प्रेशन चांगलं पडलं असावं.

२७ जुलै
पाऊस थांबेना, साकव परत टाकता आला नाही. काठावर रचलेले ओंडके वाहून गेले. मालोजी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

२ ऑगस्ट
मंजुरीचं पत्र नाही. पण पोस्टमनच येऊ शकत नाही, तेव्हा मंजुरी आलेली असण्याची दाट शक्यता आहे. राहीला हे समजावलं. ती तांदूळ निवडत राहिली.

५ ऑगस्ट
राही गेली. डोंगराच्या अंगाने, वरच्या वाडीवरून, शेजारच्या बनुबाईला सोबत घेऊन. ती वाट बकऱ्यांची, पोटुशीला तिथून आणणं शक्यच नाही. जाताना म्हणाली, "पोर इकडं येत नाय, तर आयस तिकडं जाईल."
भातात पाणी जास्त झालं. पेज म्हणून खाल्लं.

९ ऑगस्ट
बनुबाई एकटीच परतली. शकूला मुलगा झाला. दोघं सुखरूप. राही तिथेच थांबलीय.
आनंद झाला. मग वाईट वाटलं, फारच वाईट. पहिलं बाळंतपण, आणि लेकीला माहेर मिळालं नाही. कुणाला तरी चांगलं खडसावायचं ठरवलं आहे. कुणाला ते नक्की होत नाही.

१५ ऑगस्ट
पाऊस जरा उघडला. पलीकडच्या काठावरून शिपायाने साहेबांचा निरोप ओरडून सांगितला. नीट ऐकू आला. मोरी पावसाळ्यानंतर, तूर्त गावाने साकव टाकून घ्यावा.
मालोजीने परसातलं फणसाचं झाड तोडलं आणि नवा साकव टाकला. देखरेख मी केली. कुणी सांगितली नव्हती.

१७ ऑगस्ट, उमरठ
साकवावरून चालत आलो. पाय भरून आलेत. नातवाचं नाक माझ्यावर गेलंय. शकू म्हणाली, "आबा, डोली धाडली असतीत तरी मी आले असते. रोज वाट बघत होते." मला तिच्याकडे बघवेना. म्हटलं, पुढच्या खेपेला पक्की मोरी आणि जीप, नक्की.
राही बाळाला पदरात घेत म्हणाली, पुढच्या खेपेला मालोजीलाच सांगू.