साखरेचं इंजेक्शन आणि दुपारची हाक

२ नोव्हेंबर, रविवार
साखरेचं नवं इंजेक्शन सुरू. आठवड्यातून एक, पोटाला. वजनही उतरतं. नर्स म्हणाली, दाखवू का? म्हटलं, बोटींची इंजिनं मी कुणाकडे न शिकता उघडतो, हे तर पेन आहे. उलटं धरलं होतं. वेळेत लक्षात आलं.

५ नोव्हेंबर
भूक नाही. इंजिन न्यूट्रलला. दोनच बांगडे घेतले. मासळीवाली यमुनाबाई म्हणाली, "सदा, ह्यां तुका काय मांजराक?" औषधाचं शास्त्र समजावलं. अर्ध्यात पाटी उचलून गेली.

९ नोव्हेंबर, रविवार
दुसरं इंजेक्शन. दुपारची हाक आली नाही.
स्पष्टीकरण: बायकोला, किशोरीला, जाऊन दोन वर्षं झाली. तरी जेवणवेळेला स्वयंपाकघरातून तिचा आवाज येतो, "ओ, पान वाढलंय, उठा." मी भुतं मानत नाही. "इलंय" म्हणून ओ देतो ते शिष्टाचार म्हणून.
निष्कर्ष: ती हाक म्हणजे माझी भूक होती. शोध मोठा आहे. भार्गवीला फोनवर सांगितला. लेकीने फोन ठेवला. रेंज गेली असेल.

१३ नोव्हेंबर
घर शांत. उत्तम. रेडिओ दिवसभर चालू ठेवतो, स्पीकर तपासायला.

१६ नोव्हेंबर, रविवार
इंजेक्शन टाळलं. इंजिनलाही विश्रांती लागते. हाकेशी संबंध नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
आजचंही टाळलं. सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं सुकं, वडे, सोलकढी केली. भूक आली, दणकून. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलो. पंखा बंद केला, फार खडखडतो.
कोणी काही बोललं नाही.
सुंगटं कमी पडली असावीत.

२६ नोव्हेंबर
वडे रोज. साखर तीनशे दहा. मशीन जुनं आहे. भार्गवी फोनवर ओरडली, "बाबा, आई गेली ती गेली. आता तुमी खंय चाललास?" म्हटलं, खंय नाय गो, हयच आसंय. रडत होती. सर्दी असेल.

३० नोव्हेंबर, रविवार
फ्रिजमधून पेन काढून ताटाशेजारी ठेवलं. आधी शेवटची चाचणी. मीच मोठ्याने म्हटलं, "ओ, पान वाढलंय, उठा." शब्द तेच. चाल जमली नाही. पुन्हा म्हटलं.
फाटकातून यमुनाबाई विचारते, "सदा, कोणाक हाक मारतंस रे?"
कोणाक नाय, म्हटलं.
जेवलो. आमटी अळणी. तक्रार कुणाकडे करायची ते सुचेना.
इंजेक्शन घेतलं.