फ्लॉवरवरचा वारा

प्रिय दादा,

उलट टपाली उत्तराची सोय नाही, हे मला कळतं. तरी लिहितोय. वहिनींनी आज सोनारपूरचं शेत सोडून लेकीकडे, मुक्ताकडे सॉल्ट लेकला जायचं ठरवलं, आणि त्याला कारण मी आहे. हे तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो.

बँकेतून निवृत्त होऊन तू ती दीड बिघा जमीन घेतलीस तेव्हा मी हसलो होतो. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये ज्याची तुळस जगली नाही, तो म्हणे बाजाराला भाजी पुरवणार! पण दर शरदात तुझा फ्लॉवर सगळ्यांच्या आधी बाजारात जायचा, आणि त्यातला एक माझ्याकडे. सोबत निरोप: "पंडिताच्या कोशात याला शब्द नाही, तेव्हा नुसता खा." खरंच नाही रे. साहेबाबरोबर आलेली भाजी ती.

तुझ्या तेराव्यालाच मी जमीन विकायचं बोललो. पानं वाढलेली असताना. काळजी खरी होती. पण लोकांना मुहूर्त काढून देणाऱ्या माणसाला, काळजीलाही मुहूर्त असतो हे कळू नये? वहिनी एवढंच म्हणाल्या, की यंदाचा फ्लॉवर निघू दे, मग ठरवते. त्यानंतर आमचं बोलणं 'चहा घेणार का' इतपतच.

पूजेच्या सुट्टीत मी दहा दिवस शेतावर राहिलो. मदत म्हणून. पहिल्या सकाळी पाहिलं, तर फ्लॉवरच्या गड्ड्यांवर त्यांचीच पानं मोडून पडलेली. वाऱ्यानं मोडली असतील, फुलांना ऊन कसं मिळणार? वहिनी पालक-मुळे घेऊन बाजारात गेल्यावर मी एकेक पान उचलून मागे सारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्याही. रोज संध्याकाळी वारा सुटतो आणि फक्त फ्लॉवरवरच सुटतो, याचं न्यायशास्त्र शिकलेल्या तुझ्या भावाला नवल वाटलं नाही.

आठव्या दिवशी वहिनी लवकर परतल्या.

"भाऊजी, काय करताय?"

मी सांगितलं. त्यांनी टोपली बांधावर ठेवली.

"पानं मी मोडते. ऊन लागलं की फूल पिवळं पडतं. ह्यांनीच शिकवलं होतं." मग हळूच म्हणाल्या, "रोज संध्याकाळी उघडी दिसायची. मला वाटलं, वारा."

दोघांनीही वाऱ्यालाच धरलं, दादा. एकमेकांना विचारलं नाही.

काल बाजारात नेहमीच्या व्यापाऱ्यानं टोपली पाहिली आणि वहिनींना म्हणाला, "बौदी, याला हळद कुणी लावली?" माल तसाच परत आला. आज सकाळी वहिनींनी मुक्ताला फोन केला. ती मला म्हणाली, "बरं झालं काका, आईला तिथे एकटीला थाकायला नको." तुझ्या मुलीच्या मराठीत एक बंगाली क्रियापद लागतंच. त्यावर तुला चिडवायचं राहून गेलं.

मला हेच तर हवं होतं ना? मग हे तुला का लिहितोय? मुद्दाम केलं नाही, एवढं नक्की. पण विचारलं का नाही? विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या, फ्लॉवर पांढरा राहिला असता, आणि माझं म्हणणं पडलं असतं. यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं, असं तुझ्यासमोर म्हणवत नाही.

बांधाकडे उशिरा लावलेल्या तीन ओळी आहेत. त्यात आता सुपारीएवढं फूल दिसतंय. आज संध्याकाळी मी तिथे बसलो आणि म्हटलं, "वहिनी, पान कसं मोडायचं, दाखवता?"

त्या आल्या. "तुटू द्यायचं नाही. नुसतं वाकवायचं, अर्धं मोडेपर्यंत." मी दोन तोडली. त्यांनी बाकीची स्वतः वाकवली. बॅग मात्र खाटेवर भरलेलीच आहे.

त्यांनी राहावं की जावं, यावर मी आता बोलणार नाही. जमीन विकण्यावर तर नाहीच. त्या तीन ओळी निघेपर्यंत दर रविवारी येईन. वहिनी इथे असोत की सॉल्ट लेकला, त्यांना विचारल्याशिवाय एका पानाला हात लावणार नाही.

तुझा,
पंडित