लांब दांड्याचं ओगराळं

फाल्गुन वद्य अष्टमी, मंगळवार

शाळेच्या माठात कुणी हात बुडवू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. हेडमास्तर लगेच म्हणाले, "ओगराळं आणा. दांडा चांगला लांब बघा." केवढा हरखलो मी! प्रकाशा गावच्या बाजारातून मीच ते आणलं.

आज पाहतो तर व्यापाऱ्यांची मुलं माठात खुशाल लोटे बुडवताहेत, आणि सातपुड्यातली आदिवासी पोरं ओट्याखाली ओंजळ धरून उभी. शिपाई त्या ओगराळ्यानं वरून पाणी ओततोय. मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "हेडमास्तरनीच सांगेल शे, गुरुजी. हाई त्यासनाकरताच आनेल शे."

म्हणून दांडा लांब हवा होता! गोडबोल्या माणूस!

मला पाहताच त्या पोरांनी, रोजच्यासारखी नखं दाखवायला, ओले हात पुढे केले. स्वच्छ होते. सगळ्यांचे.