आखूड दोर

बाबा, समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा उतरतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? भरती-ओहोटी हे शब्द तुम्हालाही ठाऊक असणार, मलाही शाळेपासून ठाऊक होते. पण ठाऊक असणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं. मला ते या हिवाळ्यात कळलं, पन्नाशीला टेकल्यावर. तेव्हापासून तुम्हाला कधी सांगते असं झालंय मला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी सांगायचंच आहे, कारण हुसेनसागरच्या काठी, शिडाच्या होड्यांच्या त्या शेडमध्ये, जिथे तुम्ही शिडं शिवायचात, मी चारचौघांत तुम्हाला एक वाक्य बोलले होते. ते मला परत घ्यायचं आहे.

तुमची आठवण काढायला बसले की आधी शेड येत नाही, बरकतपुऱ्याचं आपलं स्वयंपाकघर येतं. शेडला सुट्टी असली की तुम्ही फाटकं शीड घरी घेऊन यायचात आणि आईच्या ओट्यापासून दारापर्यंत ते पसरायचात. आईला पोळपाट ठेवायला जागा उरायची नाही. जुन्या दुधाच्या पातेल्यात तुम्ही मेण वितळवता आहात, अफझलगंजातल्या तंबूवाल्याकडून आणलेलं सूत त्यातून ओढता आहात आणि आई म्हणते आहे, "उद्या चहात मेण निघालं तर मला बोलायचं नाही." तुम्ही मान वर न करता म्हणता, "निघू दे की. पोट वॉटरप्रूफ होईल." मग मला जवळ बसवून शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवायला लावायचात. उन्हानं आधी धागा कुजतो, मग कापड, म्हणून कापड बघत बसू नको, टाके बघ, असं तुमचं म्हणणं. ओलं शीड गुंडाळायचं नाही, त्याला बुरशी येते. दोर जिथे घासतो तिथे चिंधी बांधायची. वारा वाढेल असं नुसतं मनात आलं तरी शीड कमी करायचं, कारण मनात येतं तेव्हा निम्मा उशीर झालेला असतो. मी तेव्हा मान डोलवायचे आणि माझं लक्ष चुलीवरच्या खिचडीकडे असायचं, खोटं कशाला सांगू.

आणि दोर. नांदेडकडच्या कोरडवाहू गावातून आलेला माणूस पाण्याच्या दोरांबद्दल एवढा हट्टी कसा झाला, देव जाणे. होडी धक्क्याला आखूड बांधायची, हा तुमचा पहिला नियम. "ढील ठेवली की वाऱ्यात ती धक्क्यावर डोकं आपटती, माय." दुसरा नियम गाठीचा. खुंटाला दोन फेरे, वर दोन अडक्या, म्हणजे अर्ध्या गाठी, बस्स. एकदा मी कुणाकडून तरी शिकलेली एक देखणी फासाची गाठ मारली, कौतुक होईल म्हणून. त्याच संध्याकाळी मे महिन्यातलं वादळ आलं, होडी ओढ खायला लागली आणि ती गाठ अशी आवळली की सुटेना. मी सुरी आणायला पळाले. तुम्ही माझ्या हातातून सुरी काढून घेतलीत. "दोर कापायला अक्कल लागत नाही. वजन असताना बी सुटती तिला गाठ म्हणायचं. फेरे धरतेत, अडक्या नुस्त्या राखण करतेत." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या हाताच्या मापाचा चामड्याचा पट्टा शिवून आणलात, तुमच्या तळहाताला असायचा तसाच, जाड सुई दाबायला. सॉरी वगैरे म्हणायची आपल्या घरात पद्धत नव्हती.

आता ते वाक्य. मी एकोणीस वर्षांची. शेडमध्ये एक पाहुणे आलेले, आयुष्य समुद्रावर काढलेले. आम्ही होडी चालवायला शिकणारी पोरं त्यांच्याभोवती. ते सांगत होते की समुद्रावरच्या पक्क्या धक्क्याला बोट बांधताना दोर सैल ठेवायचा असतो, लांब. तुम्ही मागे खाली बसून शीड शिवत होतात. तिथूनच म्हणालात, "साब, दोर आखूडच बरा." पोरं हसली. मला इतकी लाज वाटली, बाबा, तुमच्या खाकी हाफपँटची, तुमच्या 'साब'ची, सगळ्याचीच. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही कुठं समुद्र बघितलाय?" सगळे आणखी हसले. तुम्हीही हसलात. "हौ माय, खरंय," म्हणालात आणि पुढचा टाका घातलात. त्यानंतर तुमच्या तोंडून समुद्र हा शब्द मी ऐकला नाही. नोकरी लागल्यावर मी दोनदा म्हटलं, गोव्याला जाऊ. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "आपला तलाव हाय की." मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

या हिवाळ्यात माझी ऑफिसातली मैत्रीण आणि तिचा नवरा यांच्याबरोबर मी गोव्याहून वर निघाले. दोघं मूळचे पुण्याचे, आता इथे आपल्याच शहरात, गच्चीबावलीत. त्यांनी एक जुनी तीस फुटी यॉट घेतली आहे आणि मला बरोबर नेलं, कारण मला म्हणे सगळं येतं. येतं काय कपाळ! तुम्हाला ती बोट आवडली असती. निघायच्या आधी मी दोन दिवस तुमच्यासारखी तिच्यावर रांगले, प्रत्येक शिवणीवर नख फिरवलं, डोलकाठीच्या तारा चाचपल्या, तळातलं पाणी उपसलं. गोड्या पाण्याच्या माणसांना एक गोष्ट नवी शिकावी लागते. खारं पाणी वाळलं तरी जात नाही. रोज सगळं गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, कप्प्या, कड्या, दोर, सगळं. विसर्जनानंतर सुकाणूत अडकलेल्या सुतळ्या काढत बसायचात तेवढ्याच चिकाटीनं मी ते धूत होते.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही देवगडजवळच्या एका खाडीत शिरलो. दगडी धक्का, पाणी जवळजवळ काठोकाठ. मी उडी मारून उतरले आणि पुढचा-मागचा, दोन्ही दोर खुंटांना बांधले. आखूड, घट्ट, झकास. तो पाहुणा काय म्हणाला होता ते मला शब्द न् शब्द आठवत होतं, रोज आठवतं. तरी हातांनी तुमचंच ऐकलं. मग आम्ही जेवायला गेलो, सुरमई खाल्ली, जरा पडलो.

चार वाजता परत आलो तर बोट लटकत होती. खरंच लटकत होती, बाबा. खालचं पाणी पुरुषभर उतरलेलं आणि ती दोन दोरांवर, धक्क्याकडे कलंडलेली. दोर लोखंडासारखे ताठ, आणि बोटीवर ज्या क्लीटना, म्हणजे लोखंडी शिंगांना, ते अडकवले होते त्यांच्या मुळाशी लाकूड करकरत होतं. आणखी अर्धा तास आणि क्लीट उपटून आले असते, बोट दगडांवर आदळली असती. तिथे जाळं विणत बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "एवढी आखूड बांधतत काय गो? सुकती लागली ह्या कळूक नाय?" सुकती म्हणजे ओहोटी. मैत्रीण रडायच्या बेतात. तिचा नवरा सुरी घेऊन पुढच्या दोराकडे धावला. मी ओरडले, "नाही! दोर कापायला अक्कल लागत नाही!" त्याला वाटलं मी त्याला शिवी दिली. एक दोर कापला असता तर सगळं वजन दुसऱ्यावर गेलं असतं आणि तो तुटला असता.

मी पिशवीतून तुम्ही शिवलेला तो चामड्याचा पट्टा काढला, तळहाताला चढवला आणि खुंटापाशी बसले. वरच्या दोन अडक्या सोडल्या. फेऱ्यांनी वजन धरून ठेवलं, तुम्ही म्हणाला होतात तसंच. मग फेरे जरा सैल केले, दोर वीतभर सरकला, परत आवळला. धावत मागच्या खुंटाकडे, तिथे वीतभर. परत पुढे. "हल्लू, हल्लू," मी मोठ्यानं म्हणत होते, आणि आवाज माझा नव्हता. पट्टा तापून वास सुटला. पंधरा-वीस वेळा हे केलं असेल. मग बोट पाण्यावर बसली, सरळ झाली आणि नुसती डुलायला लागली, काही झालंच नाही अशी.

ते दोघं चहाला गेले. मी गेले नाही. समोर अख्खी खाडी रिकामी झालेली, चिखलात होड्या आडव्या, लहान लहान खेकडे फिरताहेत. सहा वाजून गेले आणि पाणी परत यायला लागलं. वारा नाही, पाऊस नाही. मूसी नदीला पाणी आलं की वरच्या धरणाचे दरवाजे उघडले हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. इथे कुणीच काही उघडलं नव्हतं. चिखलातून बोटभर, मग वीतभर, आडव्या होड्या एकेक करून उठून बसल्या. मी तोंड उघडं टाकून बघत होते. एवढं मोठं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आणि मला वाटत होतं, हे न बघितलेल्या माणसानं मला दोन गोष्टी शिकवल्या, एक इथे चुकीची होती आणि तिच्यातून सुटका दुसरीत होती. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. मला तर त्याचंच जास्त नवल वाटतं. तुमचं पाणी असं कधी उतरलं नाही, तरी ते उतरलं तर काय करायचं हे तुमच्या हातांत होतं.

हे पत्र टाकायचं कुठे, ते मला माहीत नाही. शेडमध्ये तुम्हाला ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही. पट्ट्याबरोबर पिशवीत राहील. पण एक कबूल करते. त्या संध्याकाळी म्हातारबाबा जाळं आवरून माझ्याजवळ आले, खुंटावरचे फेरे बघितले आणि विचारलं, "ही गाठ कोणी शिकयली गो?"

"वडिलांनी."

"बापूस दर्यार होतो?"

"हो," मी म्हणाले.

"किती वर्सां?"

"जन्मभर."