केकचा सुरा

काबाइगुआन
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

निएवेस वहिनीस,

एदुविहेसचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून तू पत्र चुलीत टाकलं नसशील, असं धरून लिहिते. टाकलं असशील तर प्रश्नच मिटला. मी इकडे बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण ते कधी होते? गेल्या महिन्यात वीज चार दिवस गेली होती, तेव्हा फ्रीजमधलं डुकराचं मांस सगळ्या गल्लीने एकाच दिवशी रांधलं. लग्नघरासारखा वास सुटला होता. माझी काळी कोंबडी पुन्हा खुडूक बसलीय. तुझ्या सिएनफुएगोसला समुद्राचा वारा आहे, इथे नुसता धुरळा. मार्लेनिस कशी आहे? आता पंचेचाळीसची झाली असेल ना? मी वर्षं मोजते बरं का.

आता खरी बातमी. माझी नात यूसिमी चिरूट वळणारी झाली! नऊ महिने कारखान्याच्या शिकाऊ वर्गात होती. परीक्षेच्या दिवशी मास्तरने तिचे चिरूट एकेक करून उचलले, दाबले, कानाशी धरले, आणि म्हणाला, "ह्या पोरीचा हात कुणावर गेलाय?" मी दाराशीच उभी होते. म्हटलं, "कुणावर म्हणजे? माझ्यावर!" सगळे हसले. वहिनी, मला इतका आनंद झाला की घरी येताना मी पाववाल्याला, औषधाच्या दुकानात, अगदी त्या भांडकुदळ मिगदालियालासुद्धा थांबवून सांगितलं. ती म्हणाली, "एदू, हे तू मला सकाळीच सांगितलंस." म्हटलं, मग आता पुन्हा ऐक.

यूसिमी दिसायला तिच्या बापावर गेलीय, पण बोलणं सगळं सरळसोट. लाज नाही, भीड नाही. मला विचारते, "आजी, तू दिवसाला किती वळायचीस?" मी म्हटलं शंभर. म्हणते, "खोटं." मग ऐंशी म्हटलं. तेव्हा कुठे पटलं तिला.

तर आता तिला पातं हवं. तुला आठवत असेल, चिरूट वळणारीचं सगळं त्या पात्यावर असतं. बिनमुठीचं, तळहातात मावणारं, कडेने गोल. त्यानेच पान कापायचं, त्यानेच चिरूट समोरच्या लाकडी पाटावर दाबून फिरवायचा, त्यानेच टोक छाटायचं. ते ज्याचं त्याचं असतं. कुणी कारखान्यात ठेवत नाही, खिशात घालून घरी आणतात. तर यूसिमी म्हणाली, "आजी, मला नवं नको. तुझंच दे. तुझा हात त्यात मुरलाय." आनंदाने मला रडू आलं, आणि त्याच क्षणी वाटलं, हे पातं हिला द्यायचं कसं?

मी आधी दुसरंच लिहिते. चीचो आठवतो का, सायकल दुरुस्तीवाला? वारला. मार्चमध्ये. त्याच्या मयताला सगळी सायकलवाली माणसं आली होती, घंटा वाजवत. चांगला माणूस होता. त्याच्या नावावर मी एक खोटं तीस वर्षं चालवलं, आणि त्याला ते कधी कळलंही नाही.

यूसिमीने विचारलं, "आजी, हे पातं तुला कुठून मिळालं?" आणि माझ्या तोंडातून पटकन निघालं, "चीचोने दिलं. सायकलच्या चिखलपट्टीचा तुकडा होता." इतक्या सहज निघालं, वहिनी, की मीच चमकले. कारण हेच वाक्य मी तुला म्हटलं होतं. तू पाणी ओतत होतीस तेव्हा.

चौऱ्याण्णव साल. तेव्हा काहीच मिळत नव्हतं, हे मी तुला काय सांगू? तू केळीच्या सालांचं कालवण करून आम्हाला मांस म्हणून वाढायचीस आणि आम्ही मांस म्हणून खायचो. त्या वर्षी माझं जुनं पातं तडकून दोन तुकडे झालं. कारखान्यात नवं नव्हतं. पातं नाही तर पाटाशी बसता येत नाही. मला मागच्या खोलीत पानांच्या शिरा काढायला बसवलं. वीस वर्षं वळणाऱ्या बाईला! मी आठ दिवस शिरा काढल्या आणि रोज घरी येऊन रडले. तू मला लिंबाच्या पानांचा काढा द्यायचीस.

आईच्या कपाटात ती निळी पेटी होती. तिच्या लग्नातले काटे, चमचे, आणि केकचा तो रुंद सुरा. पानासारखा पसरट, पाठीवर फुलांची नक्षी. घरात लग्न असलं किंवा मुलगी पंधरा वर्षांची झाली तरच बाहेर निघायचा. मी मनाशी म्हटलं, आता कुणाचं लग्न होतंय? केक तरी कुठे मिळतोय? मला मार्लेनिसचा वाढदिवस आठवलाच नाही. हे मी तुला शपथेवर सांगते. पण आठवला असता तर नेला नसता, अशी शपथ मला घेता येत नाही.

सुऱ्याची मान पुढेमागे वाकवून मी त्याची मूठ मोडली आणि संडासाच्या खड्ड्यात टाकली. मग चीचोकडून नुसती कानस मागून आणली, तेवढंच त्याचं देणं. टोक कापलं, कड अर्धचंद्रासारखी काढली, आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ओलं करून घासत बसले. तीन रविवारच्या दुपारी. वरचा चांदीचा मुलामा गेला, खालचं करडं पोलाद निघालं. नक्षीही गेली, फक्त एका पाकळीचा खवला राहिला. तो अजून अंगठ्याला लागतो. दुसऱ्या रविवारी तू बादली घेऊन आलीस. म्हणालीस, "एदू, कोरडं नको घासू, तापेल, धार जाईल." आणि माझ्या हातावर पाण्याची धार धरून उभी राहिलीस. विचारलंस, "पोलाद छान आहे गं. कुठून?" तेव्हा मी चीचोचं नाव घेतलं.

त्या पात्याने मी पहिल्या दिवशी केळीचं पान कापून बघितलं. आवाजसुद्धा झाला नाही. इतकं सुंदर झालं होतं. मला अभिमान वाटला, वहिनी. तो अजूनही वाटतो, हीच तर पंचाईत आहे.

पुढचं तुला माहीत आहे. पण तुला जे माहीत आहे त्यात एक भोक आहे, ते मी बुजवते.

मार्लेनिसचा पंधरावा. रेशनच्या चिठ्ठीवर केक मिळाला, निळ्या साखरेचा. तू तुझ्या कानातले देऊन शेतकऱ्याकडून चरबी आणि तांदूळ आणले होतेस. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच आईचं बोलणं सगळ्यांना खरं वाटलं. आईने सगळ्यांसमोर पेटी उघडली. सुऱ्याची जागा रिकामी. आई म्हणाली, "कानातल्यांनी भागलं नाही वाटतं, निएवेस? माझ्या लग्नाचा सुरा त्या शेतकऱ्याच्या घरी पोचवलास?" तू म्हणालीस, "सासूबाई, मी हात लावलेला नाही." आई म्हणाली, "मग काय सुरा पाय लावून गेला?" कुणीतरी हसलं. मार्लेनिस तिच्या पांढऱ्या झग्यात उभी होती.

आणि तू माझ्याकडे वळलीस. म्हणालीस, "पोरं थांबलीत. आधी केक कापू. एदू, तुझं पातं आहे ना खिशात? दे."

मी दिलं नाही. मी स्वतःच कापला. केकच्या सुऱ्याने केक कापला, आई समोर बसलेली, तू बाजूला ताटल्या धरून. मार्लेनिस म्हणाली, "आत्या, केकला तंबाखूचा वास येतोय!" सगळे हसले. मीही हसले. वहिनी, मी हसले.

मग स्वयंपाकघरात एवेलिओदादा तुला म्हणाला, "आईची माफी माग आणि संपव." मी ओट्यापाशी पातं धूत होते. दोन शब्द बोलायचे होते. आईची भीती होती, हे खरं. पातं जाईल, पुन्हा शिरा काढायला बसवतील, हेही खरं. पण त्याहून मोठं खरं असं, की तू माफी मागशील असं मला वाटलं. तू रोजच सगळ्यांचं ऐकायचीस, आजही ऐकशील, आणि हे निपटेल. तू मागितली नाहीस. मंगळवारी मार्लेनिसला घेऊन सिएनफुएगोसला गेलीस. दादा दोनदा तुझ्याकडे आला, तू दार उघडलं नाहीस. मग गावात झालं, एवेलिओची बायको चोर निघाली. मी कुणालाही तसं म्हणाले नाही. पण कुणालाही नाही असंही म्हणाले नाही.

आता कारखान्यातली गोष्ट. तू दारापर्यंत डबा आणायचीस, आतलं तुला ठाऊक नाही. आम्ही वळत असताना वर चौथऱ्यावर बसून एकजण वाचून दाखवतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. आवडलं तर सगळ्याजणी पाती पाटावर वाजवतात, तू बाहेरून ऐकायचीस तो खडखडाट. नाही आवडलं तर पातं जमिनीवर सोडून देतात. त्याहून मोठा अपमान आमच्यात नाही. आणि रीत अशी की जुनी बाई नव्या मुलीला पातं देते तेव्हा ते पातं कुठून आलं, कुणी घडवलं, ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि वाचणारा ते सगळ्यांना ऐकवतो. मग पाती वाजतात आणि मुलगी पाटाशी बसते.

मी चिठ्ठी लिहिली. चीचो, चिखलपट्टी. शुक्रवारी सकाळी ती घडी करून माझ्या एप्रनच्या खिशात टाकली. कॉफी घेतली. यूसिमी आरशासमोर केस बांधत होती, गाणं म्हणत होती. आणि मला वाटलं, हे खोटं आता हिच्या हातात जाणार. ही ते आपल्या मुलीला सांगणार. तिथेच बसून चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. अक्षर वाकडं आलं. यूसिमी म्हणाली, "आजी, उशीर होतोय, कादंबरी लिहितेस काय?"

ओरालिया नावाची वाचणारी आहे हल्ली, आवाज घंटेसारखा. तिने सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला थांबली. वरून खाली बघून म्हणाली, "आजी, हे वाचू का?" म्हटलं, "वाच. मोठ्याने वाच. मागे बसलेल्यांना ऐकू येत नाही." तिने वाचलं. सुरा कुणाचा, मी कसा घासला, पाणी कुणी ओतलं, चोर कुणाला म्हटलं. तुझं नाव पूर्ण वाचलं, निएवेस आल्माग्वेर, माहेरच्या आडनावासकट, मी तसंच लिहिलं होतं.

वाचून झालं आणि शंभर माणसांच्या त्या खोलीत पंख्यांचाच आवाज. मग खण्ण. कुणीतरी पातं जमिनीवर सोडलं. मी वळून बघितलं तर यूसिमी. शिकाऊ वर्गाचं पातं होतं हातात, ते तिने टाकलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले. मग तिच्या मागची. मग सगळी खोली. वहिनी, असा आवाज मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. मला वाटलं होतं मी मरेन. पण माझी नात, अठरा वर्षांची, पहिल्याच दिवशी, सगळ्यांआधी, आपल्या आजीविरुद्ध! मान खाली घालून उभी होते आणि आतून आनंद होत होता. असं माणूस असतं का गं?

पातं तिने घेतलं नाही. म्हणाली, "हे माझं नाही. आणि तुझंही नाही." दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. जेवायला मात्र बसते.

काल सकाळी मी दादाला सांगितलं. तो आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या बाजूला बसून सगळं सांगितलं. मग म्हणाला, "मी तिला माफी माग म्हणालो होतो." पुन्हा तेच. जेवला नाही. दुपारी उठून त्याने बूट पुसले.

तो गुरुवारच्या ट्रकने तुझ्याकडे येतोय. मी म्हटलं, आधी विचारूया. म्हणाला, "विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि तिचं बरोबर असेल." टपालाने हे पत्र नाताळानंतर पोचेल, म्हणून उद्या मिगदालियाच्या जावयाबरोबर पाठवते, म्हणजे दादा येण्याआधी तुला सगळं कळलेलं असेल. पातं दादाकडेच दिलंय, रुमालात गुंडाळून. ते फेक, विक, विहिरीत टाक. आता धार फार आहे, बोट सांभाळ.

माफी मी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि या घराला देऊन देऊन तुझे हात रिकामे झालेत. दादालाही मी सांगितलंय, दार वाजवायचं एकदाच. उघडलं नाही तर पायरीवर संध्याकाळपर्यंत बसायचं आणि परतीच्या ट्रकने यायचं. त्याने दोन पाव घेतलेत, आणि पाणी. चहाकॉफीची काळजी करू नकोस. रक्तदाबाची गोळी त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात आहे, दुपारी एक घ्यायची. ती त्याला आठवत नाही. दार न उघडताही खिडकीतून सांगता येईल.

मार्लेनिसला हे सगळं वाचून दाखव. तिला कळलं पाहिजे.

तुझी नणंद असं लिहायला हात धजत नाही. तो शब्द परत द्यायचा की नाही हे तुझ्याकडे. म्हणून नुसतं नाव.

एदुविहेस