घरचे शिपाई

४ जून
शिपायांनी केसानं गळा कापला! इतकी वर्षं वर्गात घसा कोरडा करून शिकवतेय — पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. आज डॉक्टरीणबाईंनी मलाच धडा दिला. अंडाशयात या पेशी एरवी इमानानं राबतात म्हणे. साफसफाई करतात, हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींना हातभार लावतात. माझ्या शिपायांनी त्यांनाच शत्रू ठरवलं. हॉर्मोन जवळपास बंद. म्हणून पाळी गेली. छत्तिशीत!

"गर्भाशय उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "स्त्रीबीज दुसऱ्या कुणाचं चालेल. बहीण आहे?"

आहे की.

५ जून
बारकीला फोन केला. वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, "विचारतेस काय ताई? दिलं." दोघी रडलो. मग म्हणे, "नाक तेवढं माझं नको येऊ दे." बाळाचं नाक डोळ्यांपुढून हलत नाहीये.

२१ जून
बारकीच्या तपासण्या होऊन गेल्या. फोन नाही. कामात असेल.

२८ जून
"ताई, मला नाही जमणार." कारण? सुट्टी मिळत नाही! मी म्हटलं, "सरळ सांग ना, मन होत नाही." तिनं फोन ठेवला. आईला विचारलं तर ती भांडी विसळत राहिली. "तिच्या मागे लागू नकोस," एवढंच. म्हणजे आईलाही ठाऊक! दोघींनी मिळून ठरवलं आणि मला वाऱ्यावर सोडलं. माझ्या बाळापेक्षा हिची सुट्टी मोठी. सख्खी बहीण म्हणे.

१० जुलै
वर्गात नेमका तोच धडा. 'शिपाई' शब्द तोंडातून निघेना. पुढच्या बाकावरच्या चुणचुणीत मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या पेशी चुकून आपल्यालाच मारत नाहीत ना?"

"परीक्षेला नाही ते," म्हटलं आणि पान उलटलं.

१२ जुलै
बारकीचा मेसेज: जेवलीस का? उत्तर दिलं नाही. नवरा म्हणाला, "इतकं ताणू नये." त्याच्यावरही उखडले. त्याला काय जातंय बोलायला!

१९ जुलै
हॉर्मोनच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले. औषधांच्या खिडकीशी बारकी. हातात त्याच गोळ्यांचं पाकीट. आता माझी सेवा करून पाप धुणार!

"माझ्या गोळ्या मी घेईन," तोडूनच बोलले.

"तुझ्या नाहीत ताई," ती म्हणाली. "तपासणीत कळलं. या माझ्या आहेत."